शेरीफसाहेबांची निवडणूक

२०२२ सालच्या दिवाळीत आमचे थोरले बंधू व वहिनी इंदुरात नव्हते. मुलाच्या आग्रहावरून ती दोघे लॉस एंजेलिसला गेली होती. चकलीची भाजणी, अनारशांचे पीठ आणि उटण्याची पुडी असा सारा सरंजाम येथूनच गेला होता. त्याच दिवसांत पुतण्याच्या घरी टपालाने एक जाडजूड लिफाफा आला. त्या राज्यात मतदाराला मतपत्रिका घरपोच येते. पुतण्या नुकताच तेथील नागरिक झालेला. त्यामुळे पहिल्या मतदानाचे अप्रूप घरात सर्वांनाच होते. फराळाचे ताट बाजूला सारून तो मोठ्या उत्साहाने मतपत्रिका भरू लागला. राज्याच्या गव्हर्नरापासून आरंभ झाला आणि खाली खाली येता येता त्याचा उत्साह ओसरत गेला. शेवटी लिफाफा बंद करण्याची वेळ आली तेव्हा वहिनींनी चष्मा सावरून विचारले, ‘अरे, ही दोन घरे कोरीच राहिली की!’

‘आई, ते शेरीफचे आहे. त्या दोघांपैकी एकाचीही मला माहिती नाही. आणि शेरीफशी आपला संबंध काय? आपण काय चोर आहोत?’

लिफाफा बंद झाला. वहिनींनी मात्र तो प्रश्न पदराला गाठ मारून इंदुरास आणला. परतल्यावर पहिल्याच भेटीत त्यांनी आम्हांस विचारले, ‘भावजी, फौजदारालासुद्धा लोकांनी मते देऊन निवडायचे, हा काय प्रकार आहे हो?’

खरे सांगायचे तर आमचेही ज्ञान तोकडेच होते. शेरीफ आम्हांस ठाऊक होता तो दोनच ठिकाणचा. एक, छातीवर चांदणी लावून घोड्यावरून येणारा चित्रपटांतला. आणि दुसरा मुंबईचा. १९८० साली दिलीपकुमार आणि १९९४ मध्ये सुनील गावसकर मुंबईचे शेरीफ झाले, हे वर्तमानपत्रांतून वाचले होते. परंतु मुंबईचे ते पद मानाचे. सरकारने वर्षापुरते बहाल करावे आणि मानकऱ्याने समारंभांची शोभा वाढवावी, असे. अमेरिकेतील शेरीफ हा शोभेचा मानकरी नव्हे. वहिनींच्या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही थोडे वाचन केले. त्याचाच हा नैवेद्य वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शब्द मूळचा इंग्लंडातला. ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी. या ‘शायर-रीव्ह’चे झिजून ‘शेरीफ’ झाले. राजाच्या वतीने सारा वसूल करणे आणि शांतता राखणे ही त्याची कामे. त्याचा जाच इतका, की १२१५ सालच्या ‘मॅग्ना कार्टा’त शेरीफांना आवर घालणारी कलमे घालावी लागली. रॉबिन हूडच्या गोष्टीतला खलनायक नॉटिंगहॅमचा शेरीफच असावा, यात नवल नाही. आपल्याकडील पाटील, देशमुख, कोतवाल यांची पदे डोळ्यांपुढे आणली म्हणजे या माणसाचा तोरा आणि त्याची उपयुक्तता दोन्ही ध्यानात येतात.

इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर हे पद समुद्रापार गेले. व्हर्जिनियात १६३४ साली परगणे पाडले गेले आणि तेथे शेरीफ आले. पुढे इंग्लंडात हे पद समारंभापुरते उरले. अमेरिकेत मात्र त्याने अगदी निराळे वळण घेतले. राजा गेला, तेव्हा राजाचा कारभारी कोणाचा? उत्तर आले: लोकांचा. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक राज्यांनी शेरीफ मतपेटीतून निवडण्याचा पायंडा पाडला. आज त्या देशात तीन हजारांहून अधिक शेरीफ आहेत आणि बहुतेक सारे लोकनियुक्त. त्यांची मुदत बहुधा चार वर्षांची. मॅसॅच्युसेट्समध्ये सहा, तर न्यू जर्सीत तीन. अलास्का, हवाई, ऱ्होड आयलंड ही राज्ये या प्रथेस अपवाद आहेत. कनेक्टिकटच्या मतदारांनी २००० साली हे पद मोडीत काढले. उलट फ्लोरिडातील मायामी-डेड परगण्यात १९६६ मध्ये बंद झालेली शेरीफाची निवडणूक २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. हा वाद तेथेही मिटलेला नाही, इतके यावरून दिसते.

शहरांना आपापले पोलीसप्रमुख असतात. ते बहुधा नेमलेले असतात. शेरीफ असतो तो ‘काउंटी’चा, म्हणजे परगण्याचा. नगरपालिकांच्या हद्दीबाहेरील वस्त्यांत गस्त घालणे, न्यायालयाचा बंदोबस्त राखणे, समन्स बजावणे, कर्जापायी जप्त झालेल्या घरांचा लिलाव पुकारणे, भाडेकरूस घराबाहेर काढण्याच्या हुकुमाची अंमलबजावणी करणे आणि डोंगरात वाट चुकलेल्यांचा शोध घेणे, ही कामे त्याची. केंटकीत तर घरपट्टीची वसुलीही त्याच्याकडेच. पण या सर्वांहून मोठी जबाबदारी आहे ती परगण्याच्या तुरुंगाची. तेथील कैद्यांत पुष्कळसे असे असतात, की ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा असतो. जामिनाला पैसे नाहीत म्हणून ते आत. त्यांच्या पोटात काय जाते, आजारपणात त्यांना औषध मिळते की नाही, हे शेरीफाच्या सचोटीवर अवलंबून. पुतण्या म्हणाला, आपण काय चोर आहोत? परंतु शेरीफाच्या दारी चोरच जातात असे नाही. हप्ते थकलेला गृहस्थ जातो, साक्षीचे समन्स आलेली गृहिणी जाते, आणि संशयावरून धरलेला निरपराध तरुणही जातो.

अलाबामात १९३९ च्या एका कायद्याचा अर्थ असा लावला जाई, की कैद्यांच्या अन्नासाठी मिळालेल्या रकमेतून जे उरेल ते शेरीफाने स्वतःकडे ठेवावे. जेवण जितके निकृष्ट, तितका शेरीफाचा खिसा जड! एटोवा परगण्याच्या शेरीफाने अशी साडेसात लाख डॉलरांहून अधिक रक्कम ठेवल्याचे २०१८ साली वर्तमानपत्रांनी उजेडात आणले. त्याच वर्षी मतदारांनी त्यास घरी बसविले आणि २०१९ मध्ये कायदाही बदलला. मतपेटी जागी असली म्हणजे काय होते आणि इतकी वर्षे ती निजली असताना काय होत होते, ही दोन्ही उत्तरे या एकाच उदाहरणात मिळतात.

मतपेटी निजणे निराळे आणि तिला बांधून ठेवणे निराळे. अलाबामातीलच सेल्मा हे गाव ज्या डॅलस परगण्यात येते, तेथे निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची. पण १९६० च्या दशकारंभी त्यांच्यातील मतदार शंभरांत दोन-तीनसुद्धा नव्हते. जिम क्लार्क हा तेथील शेरीफ. मतदार म्हणून नाव नोंदविण्यास येणाऱ्यांना तो दंडुक्याने परतवी. ७ मार्च १९६५ रोजी सुमारे सहाशे निदर्शक सेल्माच्या पुलावरून शांतपणे निघाले असता राज्याच्या शिपायांनी आणि क्लार्कच्या घोडेस्वारांनी त्यांच्यावर जो हल्ला केला, तो साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदानहक्काचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी क्लार्कला मतदारांपुढे जावे लागले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील काही पेट्या पक्षाच्या स्थानिक समितीने बाद ठरविल्या. न्यायालयाने त्या मोजावयास लावल्या, आणि ज्यांना त्याने रांगेतून हाकलले होते त्यांच्याच मतांनी क्लार्क पडला. शेजारच्या प्रदेशात, मेकन परगण्यात, त्याच १९६६ साली लुशियस ॲमरसन हे कृष्णवर्णीय गृहस्थ शेरीफ म्हणून निवडून आले. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा काळ सरल्यापासून दक्षिणेत असे प्रथमच घडत होते. एका वर्षात ही उलथापालथ झाली आणि ती एका कागदाच्या चौकोनामुळे झाली.

दुसरी कथा टेनेसीतील अथेन्स गावची. १९३६ पासून मॅकमिन परगण्यात एका राजकीय टोळीने बस्तान बसविले होते. शेरीफाला वेतनाऐवजी धरलेल्या माणसामागे फी मिळे. म्हणून वाटेवरच्या बसगाड्या थांबवून, दारू प्यालास असे म्हणत उतारूंना कोठडीत टाकले जाई. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या तरुण सैनिकांना हे सहन होईना. त्यांनी आपला उमेदवार उभा केला आणि मते जशी पडतील तशीच मोजली जातील, एवढेच वचन लोकांना दिले. १ ऑगस्ट १९४६ रोजी मतदान झाले. एका वृद्ध कृष्णवर्णीय मतदारास शेरीफाच्या माणसाने गोळी घातली, सुदैवाने तो वाचला. आणि संध्याकाळी मतपेट्या उचलून तुरुंगात नेण्यात आल्या. तेव्हा सैनिकांनी शस्त्रागार उघडले, तुरुंगास वेढा घातला आणि अखेर पहाटे सुरुंगाच्या स्फोटांनी आतल्यांना शरण आणले. पेट्या बाहेर आल्या. नॉक्स हेन्री हा सैनिकांचा उमेदवार शेरीफ झाला.

ही कथा त्या देशात शौर्यगाथा म्हणून सांगतात. आम्हांस मात्र ती वाचताना आनंदापेक्षा विषादच अधिक वाटला. बंदूक उचलण्याची पाळी यावी इतके एखादे गाव दहा वर्षे बिघडत जाते, ते एका रात्रीत नव्हे. शिवाय त्या सैनिकांची संघटना पुढे फार काळ टिकलीही नाही. तुरुंगाची भिंत एका रात्रीत पाडता येते. त्यानंतर दर महिन्यास सभेला जाऊन हिशेब विचारणे हे काम मोठे कंटाळवाणे, आणि लोकशाही चालते ती त्याच कंटाळवाण्या कामावर.

मग शेरीफ निवडावा की नेमावा? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. मते मागणारा अधिकारी मतदारांच्या रोषाला भितो; पण तो त्यांच्या दुष्ट लहरींपुढेही झुकतो. अनेक परगण्यांत वर्षानुवर्षे एकच उमेदवार उभा असतो, तेव्हा निवडणूक नावापुरती उरते. ॲरिझोनातील मॅरिकोपा परगण्याचे जो अर्पायो कैद्यांना वाळवंटी उन्हात तंबूंत ठेवण्याबद्दल प्रसिद्ध होते. लोकांनी त्यांना १९९२ पासून सहा वेळा निवडून दिले आणि २०१६ मध्ये पराभूत केले. नेमलेला अधिकारी वरिष्ठांना भितो. मग त्या वरिष्ठांवर कोणाची नजर? आपल्या इंदुरास २०२१ च्या डिसेंबरात पोलीस आयुक्तपद आले. ती नेमणूक सरकारची. महाराष्ट्रात गावोगावचे पोलीस पाटीलही १९६७ च्या कायद्यान्वये नेमलेले असतात. दंडुका ज्याच्या हाती, त्याने मतांचा जोगवा मागू नये, असे आमचे आजवरचे मत होते आणि ते अजून पुरते बदललेले नाही. परंतु इतके निश्चित कळून चुकले, की पद्धत कोणतीही असो, पाहणारे डोळे नसतील तर दोन्ही सारख्याच आंधळ्या.

कॅलिफोर्नियात अशा डोळ्यांची एक सोय आम्हांस फार आवडली. तेथे प्रत्येक परगण्यात दरवर्षी सामान्य नागरिकांचे एक पंचमंडळ नेमतात. बहुतेक ठिकाणी १९ जणांचे, लॉस एंजेलिसमध्ये २३ जणांचे. परगण्याच्या कारभाराची चौकशी करणे आणि तुरुंगांची स्थिती पाहणे हे त्यांचे कर्तव्यच असते. निवृत्त शिक्षक, दुकानदार, गृहिणी तुरुंगाच्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी पाहतात आणि आपला अहवाल प्रसिद्ध करतात. आमच्या वहिनींसारख्या भांड्यावरचा राप ओळखणाऱ्या स्त्रीस याहून योग्य काम कोणते?

आता त्या कोऱ्या घरांकडे येऊ. लॉस एंजेलिस परगण्याची वस्ती सुमारे एक कोटी आणि तेथील शेरीफाचे खाते देशात सर्वांत मोठे. त्याच खात्याचा एक माजी प्रमुख तुरुंगातील मारहाणीच्या चौकशीत अडथळा आणल्याबद्दल २०१७ मध्ये दोषी ठरला होता. २०२२ च्या त्या मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते: शेरीफ कोण, आणि गंभीर कारण असल्यास परगण्याच्या पाच सदस्यांच्या मंडळापैकी चौघांनी ठरविल्यावर शेरीफास दूर करता यावे की नाही. मतदारांनी अधिकारारूढ शेरीफाला पाडून रॉबर्ट लूना यांना निवडले आणि दूर करण्याचा अधिकारही मंडळास दिला. पुतण्याने सोडलेली दोन घरे नेमकी हीच होती. राजधानीतल्या बड्या पदांसाठी त्याने मन लावून मत दिले. दाराशी येणाऱ्या शिपायाच्या धन्यासाठी मात्र नाही.

हे सारे आम्ही वहिनींना सविस्तर सांगितले. वर थोडा उपदेशही केला, की परमुलखात गेलेल्या माणसाने तेथल्या स्थानिक कारभारात अधिक लक्ष घालावयास हवे. पाहुण्यासारखे राहून चालत नाही. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘खरे आहे, भावजी. बरे, तुमच्या गल्लीतला दिवा तीन महिने बंद आहे. तुमचा पार्षद कोण?’

आम्ही गप्प झालो. त्याच वर्षीच्या जुलैत आम्ही महापौरासाठी मत दिले होते, ते नाव तोंडपाठ होते. पार्षदासाठीही मत दिलेच होते. पण कोणाला दिले आणि निवडून कोण आले, हे काही केल्या आठवेना. आमचे घराणे या शहरात चार पिढ्यांचे. होळकरांच्या काळापासूनच्या गोष्टी आम्ही अभिमानाने सांगतो, महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमांना न चुकता जातो, गणेशोत्सवाची वर्गणी देतो, आणि वॉर्डाच्या बैठकीस मात्र ‘ते आपले काम नव्हे’ असे म्हणून जात नाही. चार पिढ्या राहूनही पाहुणेपण सुटले नाही ते पुतण्याचे नव्हे, आमचेच.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून नाव विचारून घेतले आणि पार्षदांच्या घरी गेलो. दिवा लागावयास त्यानंतरही अकरा दिवस गेले. पण परतताना शेजारच्या गल्लीतले दोघे भेटले. त्यांच्याकडेही अंधारच होता. पुढच्या बैठकीस तिघांनी मिळून जावयाचे ठरले आहे.