उभी राहिली, पण गायली नाहीत

1985 साली केरळमधल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकलं. मुलगा दहावीत, बहिणी नववीत आणि पाचवीत. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. कुटुंब यहोवाच्या साक्षीदारांपैकी. सरकारचा कर भरायचा, कायदा पाळायचा. पण निष्ठा वाहायची ती फक्त देवाच्या राज्याला, अशी त्यांची श्रद्धा.

तुम्हाला हे खटकतंय? मलाही आधी खटकलं होतं. उच्च न्यायालयात ती हरली. मग 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. गायलाच हवं असा कायदा नाही, आणि उभं राहणं हाही आदरच, असं न्यायालय म्हणालं.

मला मात्र राहून राहून ती पाचवीतली मुलगी आठवते. सगळी शाळा गातेय आणि ही ओठ मिटून उभी.