गर्भवती मातेची लस : विज्ञान, सद्सद्विवेक आणि श्रद्धा

सावनेर तालुक्यातील कन्हान नदीकाठचे खापा हे लहानसे नगर परिषदेचे गाव. एकेकाळी ते विणकरांसाठी ओळखले जात असे. बाळंतपणात गुंतागुंत उद्भवली की येथील कुटुंबाला प्रथम सावनेर गाठावे लागते. तेथेही भागले नाही तर नागपूरचे डागा स्मृती स्त्री रुग्णालय, मेयो अथवा मेडिकल. 2021 च्या एप्रिलमध्ये नागपुरात रुग्णालयांतील खाटा आणि प्राणवायू या दोहोंची टंचाई होती. अशा वेळी एखाद्या गर्भवतीला श्वास लागला असता तर तिचे काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. त्याच वर्षी जुलै महिन्यात गरोदर भगिनींसमोर प्रश्न उभा राहिला : कोविडची लस घ्यावी की न घ्यावी?

ती साथ ओसरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तथापि तो प्रश्न आजही वेगळ्या रूपात प्रत्येक गर्भवतीपुढे येतो. म्हणून त्या निर्णयाकडे शांतपणे वळून पाहणे उचित ठरेल.

शासनाचा निर्णय कसा बदलला?

भारतात लसीकरण 16 जानेवारी 2021 रोजी सुरू झाले, तेव्हा गर्भवती व स्तनदा माता त्यातून वगळल्या होत्या. लस घातक असल्याचे सिद्ध झाले होते असे नाही. लसीच्या चाचण्यांत गर्भवतींचा समावेश नव्हता, म्हणून माहितीच उपलब्ध नव्हती. मे महिन्यात स्तनदा मातांना आणि 2 जुलै रोजी गर्भवतींना लस खुली झाली.

मधल्या काळात दुसऱ्या लाटेने भीषण चित्र दाखविले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून 2021 मध्ये दोन लाटांची तुलना मांडली. बाधित गर्भवती व बाळंतिणींपैकी लक्षणे दिसलेल्यांचे प्रमाण पहिल्या लाटेत 14.2 टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत 28.7 टक्क्यांवर गेले. मृत्यूचे प्रमाण 0.7 टक्क्यावरून 5.7 टक्क्यांवर पोहोचले.

शासनाच्या मार्गदर्शक पत्रकात दोन्ही बाजू होत्या. बाधित गर्भवतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणी रुग्णालयात दाखल न होता बऱ्या होतात, हे त्यात होते. काहींची प्रकृती मात्र झपाट्याने ढासळते, अकाली प्रसूतीची शक्यता वाढते, हेही होते. गर्भावरील लसीचे दीर्घकालीन परिणाम अद्याप निश्चित झालेले नाहीत, अशी प्रांजळ कबुलीही होती. म्हणजे धोका मुळीच नाही असा मार्ग कोणापुढेही नव्हता. ‘तूर्त थांबू’ म्हणणाऱ्या कुटुंबाला आपण काहीच ठरविले नाही असे वाटे. वास्तविक त्यानेही एक धोका पत्करलेला असे.

ख्रिस्तसभेची शिकवण

कॅथलिक कुटुंबांपुढे आणखी एक पेच होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड तयार करताना जी पेशीमालिका वापरली जाई, तिचे मूळ 1970 च्या दशकात नेदरलँड्समध्ये एका भ्रूणाच्या मूत्रपिंडातून मिळविलेल्या पेशींत होते. हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन माकडाच्या पेशींवर वाढविली जाई. उदरातील जिवाचे रक्षण करू पाहणाऱ्या मातेला हा प्रश्न टोचणे स्वाभाविक होते.

व्हॅटिकनच्या श्रद्धा सिद्धांत मंडळाने 21 डिसेंबर 2020 रोजी यावर टिपण प्रसिद्ध केले. नैतिकदृष्ट्या निर्दोष लस उपलब्ध नसेल आणि आजार गंभीर असेल, तर अशी लस घेणे ग्राह्य आहे, कारण लस घेणाऱ्याचा मूळ कृत्याशी असलेला संबंध अतिशय दूरचा असतो. मात्र त्यामुळे गर्भपाताला मान्यता मिळत नाही, असे त्याचे सार होते. लसीकरण ऐच्छिक असावे आणि नाकारणाऱ्याने आपल्यामुळे इतरांना संसर्ग होऊ नये यासाठी सर्व दक्षता घ्यावी, हेही त्यात नमूद होते. पुढे ऑगस्ट 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लस घेण्याला प्रेमाची कृती म्हटले.

अर्थात जेथे दोन्ही लसी मिळत होत्या, तेथे कोव्हॅक्सिन निवडण्यास वाव होता. जेथे केंद्रावर एकच लस येई, तेथे मिळेल ती घेणाऱ्या मातेने पाप केले असे कोणी म्हणू नये.

निर्णय कोणाचा?

आपल्या घरांत गर्भवतीविषयीचा निर्णय अनेकदा सासूबाई, पती आणि शेजारीपाजारी घेतात. त्यांची माया खरी असते. परंतु भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांतून आलेली भीती त्या मायेचा ताबा घेते, तेव्हा जिच्या देहाचा व बाळाचा प्रश्न आहे तीच गप्प बसते. ख्रिस्तसभा सद्सद्विवेकबुद्धीला पवित्र मानते, तसेच ती माहितीने घडविलेली असावी असा आग्रहही धरते. म्हणून तिला डॉक्टरांशी मोकळेपणे बोलता यावे, शंका विचारता याव्यात, ही कुटुंबाची व धर्मग्रामाची जबाबदारी आहे.

आज काय करावे?

सर्वच लसी सारख्या नसतात. धनुर्वात व घटसर्पाची टीडी लस गर्भारपणात सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. मातेच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये नाळेतून बाळाला पोहोचतात. मातांच्या लसीकरणामुळे व सुरक्षित प्रसूतीमुळे 2015 मध्ये भारत माता व नवजातांच्या धनुर्वाताच्या निर्मूलनाच्या कसोटीस उतरला. एके काळी हा आजार असंख्य तान्ही बाळे हिरावून नेत असे. याउलट रुबेलाची लस जिवंत विषाणूची असल्याने गर्भारपणात देत नाहीत. ती आधीच घेतलेली असावी लागते. म्हणून ‘गरोदरपणी लस चांगली’ किंवा ‘वाईट’ असे सरसकट बोलणे चुकीचे. कोणती लस, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रकृतीला, हे विचारावे.

देवदूताचा निरोप मिळाल्यावर पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातून एलिझाबेथच्या घरी धावत गेली. एका गर्भवतीला दुसरीचा आधार झाला. खाप्यातील असो वा अन्य कोठली, निर्णयाच्या क्षणी कोणतीही माता एकटी पडू नये, हीच आपल्या धर्मग्रामांची आजची सेवा होय.