घर घ्यावे, पण जमिनीला विचारून

किल्लारीचा विषय निघाला की मराठवाड्यातला माणूस आजही तारखेपासून सुरुवात करतो. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या जिल्ह्यांची जमीन हादरली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. सरकारी नकाशात हा भाग तोवर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा कातळ, त्याला काय व्हायचे आहे, अशी साऱ्यांचीच समजूत होती.

ज्या मुलखाची जमीन एकदा हलली, तिथे बाहेरदेशीचा पैसा घरात गुंतायला धजतो का? आधी हा ‘परदेशी’ खरेदीदार कोण ते पाहू. परदेशात राहणाऱ्या आणि भारतीय वंशाच्या नसलेल्या परकी नागरिकाला आपल्याकडे सहजासहजी घर विकत घेता येत नाही. अनिवासी भारतीयाला आणि ओसीआय कार्ड असलेल्याला घर वा दुकान घेता येते. शेतजमीन आणि फार्महाऊस नाही. म्हणजे लातूर-नांदेडकडचा परदेशी खरेदीदार हा बहुधा आपलाच भाचा किंवा पुतण्या असतो. नोकरी दुबईला किंवा न्यू जर्सीला, आणि फ्लॅट हवा तो आई-वडिलांसाठी.

त्याची भीती आणि इथल्या माणसाची भीती यांत फरक आहे. इथल्याने माळवदाची घरे कोसळलेली पाहिली. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडाचे छत आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छत त्या रात्री काळ झाले. ही भीती अंगात मुरलेली असते. दूरच्या माणसाला मात्र भीती पोचते ती बातमीतून. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोलीकडे ४.५ रिश्टरचा धक्का बसला, नांदेडपर्यंत जाणवला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पुराने हाहाकार केला. अशा वेळी परदेशातून फोन येतात, ‘बयाणा जरा थांबवा’ म्हणून सांगितले जाते. मग दिवाळी येते, सुट्टी ठरते आणि बोलणी पुन्हा सुरू होतात. बातमीची भीती बातमीइतकीच टिकते.

खरी अडचण इथेच आहे. विश्वास उडाला आणि परत आला, पण मधल्या काळात इमारतीबद्दल नवे काही कळलेच नाही. जपानने काय केले पाहा. १९७८ च्या मियागी भूकंपानंतर त्यांनी १९८१ साली बांधकामाचे नियम कडक केले. १९९५ मध्ये कोबे हादरले तेव्हा नव्या नियमांच्या इमारती जुन्यांपेक्षा पुष्कळच चांगल्या तगल्या. तेव्हापासून तिथे जुना फ्लॅट घेणारा विचारतो, बांधकाम १९८१ च्या आधीचे की नंतरचे? आपत्तीतून बाजाराला एक प्रश्न मिळाला.

आपल्याकडेही २००२ साली भूकंपविषयक मानकात बदल झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. पण साइटवर गिऱ्हाईक विचारते ते वास्तुशास्त्र आणि पार्किंग. बँकेच्या खुर्चीवरून मी असंख्य कर्जप्रकरणे पाहिली. तीस वर्षांचा मालकी हक्क तपासला जाई, बोजा पाहिला जाई, करपावत्या लावल्या जात. घर कोणाचे, याची खातरजमा पक्की. घर उभे राहील का, याबाबत मात्र इंजिनिअरच्या सहीवर समाधान मानायचे.

किल्लारीने आणखी एक धडा दिला. जागतिक बँकेच्या मदतीने ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. ज्याची जमीन जितकी, त्याप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर. घरे मजबूत झाली, पण सरळ ओळी आणि रुंद रस्ते यांत गल्लीतला शेजार विखुरला. पैसा आणि नकाशा दोन्ही बाहेरून आले की राहणाऱ्याला कोणी फारसे विचारत नाही.

परदेशातून घेतलेल्या फ्लॅटचेही तसेच आहे. पैसा मुलाचा, पण रात्री त्या स्लॅबखाली झोपणार आई. म्हणून विश्वास मुलाला वाटून भागत नाही, तो आईच्या कामी आला पाहिजे.

त्यासाठी प्रश्न साधेच आहेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे नकाशे दाखवा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला का? नांदेडात गोदावरीची पूररेषा कुठे? लातुरात पाणी कुठून येणार? २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरून चालणार नाही. आणि विमा? १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात भूकंप आणि पूर दोन्ही येतात.

हे प्रश्न परदेशातल्या भाच्याने विचारले तर बिल्डर कागद काढील, कारण त्या पैशाला मान आहे. एकदा कागद काढायची सवय लागली, की गावातल्या शिक्षकालाही तो मागता येईल. बाहेरच्या पैशाने मराठवाड्याचे एवढे भले केले, तरी पुष्कळ झाले.