शीळ ऐकावी, बोलावूं नये

उन्हाळ्याची सुटी लागली कीं गिरगांवांतील आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत "यंदा कोठें?" हा प्रश्न निघतोच. यंदाच्या मे महिन्यांत आमची मंडळी महाबळेश्वरास गेली आणि मुलांच्या आग्रहावरून एक दिवस केवळ पक्षी पाहण्यासाठीं राखून ठेविला. त्या दिवशीं आमच्या हातून जो प्रमाद घडला तो वाचकांपुढें मांडावा, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंच. तेथील रान सदाहरित, पण वाऱ्यापावसाच्या माऱ्यानें ठेंगणें राहिलेलें. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा यांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. पहांटे साडेपांचास आम्ही निघालों तेव्हां अंगावर शाल लागत होती. वृद्ध आत्याबाईंना मोतीबिंदूमुळें अंधुक दिसतें. तरी त्या हट्टानें आल्या. शिपाई बुलबुलांचे तांबडे गाल व काळे तुरे मुलांनीं दुर्बिणींतून डोळे भरून पाहिले. "कुटुर्र, कुटुर्र" असा घोष करणारा हिरवा कुटुर्गा मात्र पानांत असा मिसळला होता कीं, तो कोणासच दिसेना. तो कोणत्या झाडावर आहे तें आत्याबाईंनीं नुसत्या कानांनीं अचूक सांगितलें.

पुढें लिंगमळ्याच्या बाजूस एका ओढ्यापाशीं आलों, तोंच शीळ ऐकूं आली. एखादा शाळकरी मुलगा रमतगमत जातांना सूर शोधीत शीळ घालतो, अगदीं तशी. हा शीळकरी कस्तुर. सह्याद्रीच्या ओढ्यांचा हा रहिवासी रंगानें काळसर निळा. कपाळ व खांदे मात्र उन्हांत निळेशार चमकतात. ओढ्याकांठच्या कपारींत मुळ्या, शेवाळ व चिखल यांचें घरटें बांधण्याचा त्याचा हाच हंगाम.

शीळ थांबली, पण पक्षी दिसेना. तेव्हां आमच्या पुतण्यानें मोबाइलवर त्याच जातीच्या पक्ष्याचा मुद्रित आवाज लावला. आम्हीं त्यास अडविलें तर नाहींच, उलट "थोडा मोठा कर," म्हणालों. क्षणार्धांत कस्तुर समोरच्या खडकावर उतरला. चोचींत किडा होता; तो तसाच धरून, शेपटी फुलवीत, तो इकडून तिकडे धावूं व ओरडूं लागला. मुलें हरखून गेलीं. इतक्यांत आत्याबाई म्हणाल्या, "बाळा, बंद कर तें. तो गात नाहीं रे आतां. घरांत परका शिरला कीं माणूस ओरडतो ना, तसा ओरडतो आहे."

पुतण्या ओशाळला. खरें म्हणजे ओशाळावयास हवें होतें आम्हीं! आवाज बंद झाल्यावरही पक्षी कितीतरी वेळ, मुळांत नसलेल्या त्या वैऱ्याचा शोध घेत राहिला. चोचींतील तो घास कोणासाठीं होता, हें सांगावयास नको. आम्ही दूर जाऊन अर्धा तास गप्प बसलों, तेव्हां कोठें पुन्हां शीळ सुरू झाली.

आमच्या गिरगांवाशेजारच्या खेतवाडींत वाढलेल्या एका मुलानें १९०८ च्या सुमारास, स्वतः मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळखून घेण्यासाठीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत नेली. तोच मुलगा पुढें डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) म्हणून जगद्विख्यात झाला. त्या काळीं पक्षी नीट ओळखावयाचा तर बहुधा तो मारूनच हातीं घ्यावा लागे. पुढें दुर्बिणीनें ती हिंसा टाळली. मोबाइलचा आवाज तर त्याहूनही निरुपद्रवी, अशी आमची समजूत होती. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पक्ष्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस उपद्रव देणें याचाही समावेश शिकारीच्या व्याख्येंत केला आहे. आमच्या हातून कायदा मोडला कीं नाहीं, हें वकिलांनीं ठरवावें. ऐन विणीच्या दिवसांत एका पक्ष्यास फसवून आम्हीं पिलांपासून ओढून आणलें, हें आमच्या मनास पटलें आहे.

म्हणून पुढील सुटींत रानांत जाणाऱ्या मंडळींस विनंती, कीं मळकट रंगाचे कपडे घालावे, घरट्यापाशीं रेंगाळूं नये आणि मोबाइल खिशांतच असूं द्यावा. पक्षी पाहण्याची कांहीं किंमत पडतेच. पहांटेची झोंप, उभ्यानें दुखणारे पाय आणि कधीं कधीं कांहींच न दिसतां परत येणें, ही ती किंमत. ती आपणच द्यावी. पिलांच्या घासांतून वसूल करूं नये.