पियानोचा सूर आणि आपला कान

दिवाळी सरली, धान घरात आले, की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. साकोली, लाखांदूर, पवनी या भागांत झाडीपट्टीची नाटके लागतात आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेच मिटतो. रंगमंचाच्या पुढ्यात वादक बसलेले असतात आणि तबल्याच्या जोडीला तेथे ऑर्गन असतो. जुन्या संगीत नाटकाकडून आलेला हा वारसा. पूजेच्या वेळी देरासरात वाजणारी पेटी तर घराघरांतील लहानथोरांना ठाऊक आहे. या पेटीच्या पोटात बसणारे पितळी रीड पालीतान्यात तयार होतात आणि पेटी बनविणाऱ्यांत त्यांचा लौकिक मोठा आहे, हे मात्र शत्रुंजयाची यात्रा करून आलेल्यांपैकीही अनेकांना माहीत नसते.

म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे वाद्य या जिल्ह्याला परके नाही. तरीही त्याच पट्ट्यांचा पियानो ऐकताना बहुतेकांचे मन रमत नाही. 'नुसती टणटण', 'त्यात गाणे कुठे आहे?' असे अभिप्राय ऐकू येतात. अलीकडे व्यापारी कुटुंबांतील अनेक मुलेमुली कीबोर्डच्या वर्गाला जाऊ लागली आहेत. लंडनच्या संस्थांच्या परीक्षा होतात, प्रमाणपत्रे भिंतीवर लागतात. पण ज्या घरात मूल तासभर सराव करते, त्या घरात पियानो आवडीने ऐकणारे कोणीच नसावे, ही स्थिती चांगली म्हणता येणार नाही. ज्या पदार्थाची चव घरात कोणीच घेतलेली नाही, तो पदार्थ रांधायला मुलांना बसविण्यासारखेच हे आहे.

अडचण कानाच्या सवयीची आहे. पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत टिकतो. पियानोत भाता नाही. पट्टी दाबली की आतील लोकरी नमदा लावलेली लाकडी हातोडी तारांवर आघात करते आणि लगेच मागे सरते. पट्टी दाबून धरली तरी हातोडी तारेला पुन्हा स्पर्श करीत नाही. आघात झाला त्या क्षणापासून सूर क्षीण होऊ लागतो आणि त्यावर वादकाचा काही अधिकार उरत नाही. फार तर तो लवकर थांबविता येतो, वाढविता मात्र येत नाही. पियानोचा प्रत्येक सूर जन्मतःच मावळतीला लागलेला असतो. पेटीचा अखंड सूर मनात धरून जो पियानो ऐकेल, त्याची निराशा ठरलेली.

पण या उण्याच्या बदल्यात मिळते काय, तेही पाहावे. पेटीत एकच भाता सर्व सुरांना हवा पुरवितो. त्यामुळे एकाच वेळी चार पट्ट्या दाबल्या, तर त्यांतील एक मोठी आणि तीन हळू असे करता येत नाही. पियानोत प्रत्येक बोटाला जणू स्वतःचा भाता आहे. ज्या बोटाचा आघात जोराचा, त्याचा सूर मोठा. इटलीतील फ्लॉरेन्स येथे १७०० सालाच्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने हे वाद्य घडविले, ते मुळी यासाठीच. त्याच्या आधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार खुडली जाई आणि बोट हळू पडो वा जोराने, आवाज जवळजवळ सारखाच येई. 'पियानो-फोर्ते' या नावाचा अर्थच 'हळू-मोठा' असा आहे. क्रिस्तोफोरीने १७२० मध्ये बनविलेला पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आजही आहे.

थोर वादकाची ओळख या ठिकाणी पटते. दहा बोटांपैकी उजव्या हाताची करंगळी गात असते, बाकीची नऊ तिला जपत असतात. मावळणाऱ्या एका सुराच्या कडेला पुढचा सूर तो अशा वजनाने ठेवतो, की मधली फट ऐकणाऱ्याला जाणवू नये. मींड नसलेल्या वाद्यावर मींडेचा भास उभा करणे, हे त्याचे कसब. उजव्या पायाखालची पट्टी दाबली की तारांवरील सर्व दाबके उचलली जातात, सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि वाजलेल्या सुराला न वाजलेल्या तारांचीही साथ मिळते. तानपुऱ्याचा घुमारा ज्यांना प्रिय आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्याकडे पंडित शिवकुमार शर्मा यांच्यापुढे हाच प्रश्न उभा होता. संतूरही आघाताचे वाद्य. त्यावर मींड निघत नाही, म्हणून ते रागसंगीताला निरुपयोगी, असा आक्षेप घेतला गेला. त्यांनी वाद्यात आणि वादनात बदल केले, आणि पुढे काय घडले ते सर्वज्ञात आहे. पेटीनेही असाच रोष सोसला. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर यांच्या बोटांनी मात्र तिचा अधिकार श्रोत्यांच्या मनात कायम केला. पियानोवर भारतीय सुरावटी वाजविणाऱ्यांत व्ही. बलसारा यांचे नाव आदराने घेतले जाते. मुंबईत १९२२ मध्ये जन्मलेल्या या पारशी कलावंताने आयुष्याचा उत्तरार्ध कोलकात्यात घालविला. हिंदी चित्रपटांतही पियानो पुष्कळ दिसला. मेहबूब खान यांच्या 'अंदाज'मधील पियानोपाशी बसलेला दिलीपकुमार जुन्या पिढीला आठवत असेल. मात्र पडद्यावरचा पियानो बहुधा श्रीमंताच्या दिवाणखान्याचे सामानच राहिला. लोकांनी मुकेशचा आवाज ऐकला, वाद्य नुसते पाहिले.

आरंभ कोठून करावा? शोपँच्या नॉक्टर्न रचनांपैकी नवव्या ओपसमधील दुसरी घ्यावी. जेमतेम साडेचार मिनिटांची आहे. डावा हात ठेका आणि सुरांचा आधार देतो, उजवा एकच चाल पुन्हा पुन्हा आणतो, आणि प्रत्येक वेळी तिच्यावर नवी नक्षी चढवितो. ठुमरीच्या बोलबनावाची सवय असलेल्या कानाला ही जात चटकन ओळखता येते. त्यानंतर बेटहोवेनची १८०१ मधील 'मूनलाइट' नावाने प्रसिद्ध असलेली रचना. हे नाव त्याने दिलेले नाही, एका समीक्षकामुळे ते त्याच्या मृत्यूनंतर रूढ झाले. तेव्हा चांदणे शोधत बसू नये. पहिल्या भागात तीन-तीन सुरांची संथ लाट आणि तिच्यावर तरंगणारी करंगळीची ओळ, एवढेच ऐकावे. मग बाखच्या दोन हातांच्या 'इन्व्हेन्शन' या पंधरा छोट्या रचना. त्यांत डावा हात साथीदार नसतो. दोघांत सवाल-जवाब चालतो. या रचना १७२३ मध्ये शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेल्या संग्रहात आहेत. त्या मोबाइलच्या भोंग्यावर ऐकू नयेत. खालचे सूर त्यात गळून पडतात. साधा का होईना, इअरफोन लावावा.

वाद्य विकत घेण्याविषयी दोन गोष्टी. ज्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात, तो ६१ पट्ट्यांचा स्वस्त कीबोर्ड ओळख होण्यापुरता ठीक. पियानोला ८८ पट्ट्या असतात. पण खरा फरक संख्येत नाही. बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होतो की नाही, आणि पट्टी बोटाला वजन देते की नाही, हे दुकानातच वाजवून पाहावे. या दोन गोष्टी नसतील, तर मूल पियानो शिकत नाही, पट्ट्यांच्या जागा शिकते. दुसरी गोष्ट जुन्या पियानोची. जुन्या पियानोंच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पुष्कळदा हस्तिदंताचे पातळ पत्रे असत. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात तर या धंद्यावर उभ्या राहिलेल्या एका गावाचे नावच 'आयव्हरीटन' पडले. आता पट्ट्यांना प्लास्टिक वापरतात. स्वस्तात जुना पियानो मिळतो म्हणून घेणाऱ्या जैन कुटुंबाने किंमत ठरविण्याआधी ही चौकशी अवश्य करावी. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर कायद्याचा निर्बंधही आहे.

व्यापाराच्या कामाने मुंबईला जाणे होतेच. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये पियानोचे कार्यक्रम होत असतात. तिकीट काढताना खुर्ची सभागृहाच्या डाव्या बाजूची घ्यावी. वादकाचे दोन्ही हात तेथूनच दिसतात. आणि रचनेचा एक भाग संपून शांतता पसरली, की लगेच टाळी वाजवू नये. तो वादक बहुधा अजून पुढचा भाग वाजवायचा असतो.