रंगाचा सट्टा

अमेरिकेतल्या नाणेबाजारात सध्या एका जमातीचा सुळसुळाट आहे. साठ-सत्तर वर्षं कागदात गुंडाळून पडलेला कोऱ्या नाण्यांचा रोल ही मंडळी अवाच्या सव्वा भावाने उचलतात, अंगठ्याने त्याची कड उचकटतात, आतली नाणी टेबलावर ओततात आणि एखादं जांभळं-निळं-सोनेरी निघालं की गाभाऱ्यात उभं असल्यासारखे डोळे मिटतात. उरलेली नाणी पडेल भावाने विकायला जातात, कागद केराच्या टोपलीत. चांदीवर काळाने चढवलेल्या या रंगाला इथे टोनिंग म्हणतात आणि त्याच्या शोधात रोल फोडणारा स्वतःला रसिक समजतो. माझ्या मते तो सटोडिया आहे. सट्टा खेळायला माझी ना नाही. पण आपण ज्याच्या प्रेमात आहोत असं तो सांगतो, त्याचाच पुरावा तो रोज स्वतःच्या हाताने फाडतो, आणि वर टाळ्याही मागतो.

मुळात हा रोल काय असतो ते पाहा. एका सेंटची पन्नास नाणी, पाच सेंटची चाळीस, अर्ध्या डॉलरची वीस, अशा ठरलेल्या संख्येने नाणी कागदी नळीत भरायची आणि दोन्ही टोकं यंत्राने आत दुमडून घट्ट दाबायची. दुमडलेल्या कडेच्या मधोमध गोल भोक उरतं आणि त्यातून टोकाचं नाणं डोकावतं. 1964 पर्यंतच्या डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्यांत 90 टक्के चांदी होती. कागदातलं आणि हवेतलं गंधक त्या चांदीशी हळूहळू संयोग पावतं आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. रंग येतात ते या थरामुळे.

आता साधा हिशेब करा. अर्ध्या डॉलरच्या रोलमध्ये वीस नाणी, म्हणजे चाळीस बाजू. त्यांतल्या हवेला उघड्या फक्त दोन, दोन टोकांच्या. बाकीच्या बाजू एकमेकींना चिकटून दबलेल्या. मधल्या नाण्यांची नुसती कड कागदाला लागते, म्हणून त्यांना फार तर काठाकाठाने सोनेरी-तपकिरी कडं येतं. एखादं नाणं जरा सरकलेलं असलं तर चंद्रकोरीएवढा रंग उमटतो. मध्यभाग पांढराच राहतो. म्हणजे ज्या दोन बाजूंवर नेत्रदीपक काही घडण्याची खरी शक्यता, त्या दोन्ही रोल न फोडताच भोकातून दिसतात! विकणाऱ्याने त्या आधीच पाहिलेल्या असतात, भिंगाखाली घातलेल्या असतात आणि किमतीत धरलेल्याही असतात. फोडणारा पैसे मोजतो ते आतल्या अंधाराचे.

गेल्या वर्षी एका प्रदर्शनात हे मी आमच्याच एका मराठी गृहस्थांना समजावून सांगायला गेले. त्यांच्यापुढे नुकत्याच फोडलेल्या रोलची नाणी पसरली होती. सगळी पांढरी, आणि टेबलावर ओतताना एकमेकांवर आपटून गालांवर ताज्या खोका पडलेली. एका नाण्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा स्वच्छ दिसत होता. तो आज पुसट वाटतो, पण घामातलं मीठ आणि आम्ल आपलं काम करत राहतात, आणि काही वर्षांनी तिथे तपकिरी रेघांचा कायमचा शिक्का उमटतो. गृहस्थ हसत म्हणाले, “वहिनी, रोल न फोडता ठेवणं म्हणजे लॉटरीचं तिकीट निकाल न बघता कपाटात ठेवणं. कोण ठेवेल?”

मी म्हटलं, “भाऊ, तुमच्या तोंडात साखर पडो. लॉटरी हा शब्द मी वापरला असता तर तुम्हाला राग आला असता.”

पण लॉटरीतसुद्धा तिकीट खरं असतं. इथे तेही नाही. ‘बँकेने बांधलेला, कुणी न तपासलेला मूळ रोल’ या पाटीखाली जे विकलं जातं त्यातलं किती खरं असेल, हे शेंबडं पोरही सांगेल. टोकं दुमडायचं यंत्र कुणालाही विकत मिळतं. जुन्या बँकांची नावं छापलेली रिकामी वेष्टणं वेगळी विकली जातात. दोन टोकांना दोन देखणी नाणी लावायची, मध्ये सामान्य माल भरायचा आणि कडा दाबायच्या, की झाला ‘मूळ’ रोल तयार. आणि ही रिकामी वेष्टणं बाजारात येतात कुठून? काही न वापरता उरलेली असतात, पण काही याच रसिकांनी रोल फोडून टाकून दिलेली असतात. म्हणजे आज फाडलेला कागद उद्या दुसऱ्याला फसवायला उभा! शिवाय विकणाऱ्याला आत खरोखरच हजारो डॉलरचा रंग असण्याची आशा असती, तर तो रोल त्याने तुमच्यासाठी राखून ठेवला असता का? एवढं साधं व्यवहारज्ञान मंडईत भाजी घेताना आपल्याला असतं, नाण्यांच्या टेबलापाशी मात्र ते कुठे गहाण पडतं कोण जाणे.

आता रंगाकडे वळू, कारण सगळा उन्माद त्याच्यासाठी आहे. सल्फाइडच्या थराच्या वरच्या पृष्ठभागावरून एक किरण परततो, खालच्या चांदीवरून दुसरा. दोघांच्या मेळातून काही रंग मरतात, काही उठून दिसतात. थर अगदी पातळ असताना फिकट सोनेरी, मग तांबूस-किरमिजी, मग निळा, पुढे हिरवट, पुन्हा पिवळा-गुलाबी, आणि शेवटी काळा. हा क्रम ठरलेला आहे आणि त्याला वेळ लागतो. टोनिंगचं सगळं मोल या वेळात आहे. दोन पिढ्या एका टेबलाच्या खणात कुणाचाही हात न लागता हा थर चढत होता, ही कल्पना आपल्याला भुरळ घालते. तो रंग दुपारच्या दोन तासांत चढवता येत असेल, तर त्याची किंमत किती?

आणि तो चढवता येतो! उकडलेलं अंडं आणि चांदीचं नाणं एका पिशवीत ठेवा, अंड्यातलं गंधक चांदीला रंग देईल. गंधकाची रसायनं आहेत, भट्टीची आच आहे, हरतऱ्हेचे कागद आहेत. अशी करामत करणाऱ्याला इथल्या बाजारात ‘कॉइन डॉक्टर’ म्हणतात. या डॉक्टरकडे रोगी सुदृढ अवस्थेत जातो आणि आजारी होऊन बाहेर पडतो. 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी या प्रतवारी कंपन्या सुरू झाल्या, त्या नाण्याचा दर्जा ठरवून ते प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करायला. ज्याचा रंग संशयास्पद आहे त्याला पीसीजीएस आकड्यातली प्रत देत नाही, तशी नोंद करते. 2010 मध्ये तर याच कंपनीने नाण्यांवर कारागिरी करून ती प्रतवारीला पाठवल्याच्या आरोपावरून काही व्यापाऱ्यांवर खटलाच भरला. रंगाला भाव आला म्हणून रंगारी आले. यात एकट्या रंगाऱ्यांना शिव्या घालून काय उपयोग? भाव कुणी दिला?

याच बाजाराची जुनी करणी आठवली की आणखी हसू येतं. आज टोनिंगपुढे लोटांगण घालणाऱ्या याच धंद्याने कित्येक वर्षं चांदीची नाणी थायोयुरियाच्या आम्लयुक्त द्रावणात बुचकळून पांढरीशुभ्र केली. त्या काळात गिऱ्हाइकाला झगझगीत हवं होतं. प्रत्येक बुडीबरोबर थर तर जायचाच, पण धातूची सर्वांत वरची पापुद्र्यासारखी कातडीही जायची, आणि ज्या सूक्ष्म रेषांमुळे कोऱ्या नाण्यावर प्रकाश भोवऱ्यासारखा फिरतो त्या रेषा बोथट व्हायच्या. सरकारही मागे नव्हतं. 1972 ते 1980 या काळात अमेरिकी सरकारने तिजोरीत उरलेले कार्सन सिटी टांकसाळीचे चांदीचे डॉलर जनतेला विकले. त्यातल्या डागाळलेल्या आणि खरचटलेल्या नाण्यांच्या डबीवर ‘कोरं’ हा शब्दच छापला नाही. कोरं असूनही रंग चढला की नाणं खालच्या रांगेत! आज त्याच डबीतल्या त्याच डागासाठी बोली चढते. डाग तोच आहे. बदलली आहे ती हाव.

पूर्वीचे सटोडिये निदान प्रामाणिक होते. 1950 साली डेन्व्हर टांकसाळीत पाच सेंटची फक्त 26,30,030 नाणी पडली. लोकांनी ती रोलच्या रोल दाबून ठेवली आणि 1964 च्या सुमारास दोन डॉलर दर्शनी किमतीच्या त्या चाळीस नाण्यांच्या रोलचा भाव हजार डॉलरच्या वर गेला. मग फुगा फुटला. पण रोल फोडावा असं त्यांच्यातल्या कुणाला वाटलं नाही आणि ‘आम्ही सौंदर्याचे उपासक’ असा आवही कुणी आणला नाही. पैसा करायचा होता, काहींनी केला, बाकीचे बुडाले, विषय संपला.

आता माझ्याविरुद्धचा खरा मुद्दा. रोल न फोडता ठेवला तर गंधक थांबत नाही. सोनेरी-निळ्याचा शेवट काळ्यात होतो आणि त्यानंतर ते नाणं कुणाच्याच कामाचं राहत नाही. वाईट कागदातून नाणी बाहेर काढणं म्हणजे त्यांना वाचवणं, हे शंभर टक्के मान्य. मग काढा ना! पण वाचवणाऱ्यासारखी काढा. मऊ कापडावर, हातमोजे घालून, कडेने धरून, एकेक. कुठलं नाणं टोकाला होतं, कुठलं कितवं होतं याची नोंद ठेवा. फोडण्याआधी दोन्ही टोकांचे आणि वेष्टणावरच्या बँकेच्या नावाचे फोटो घ्या. वेष्टण वेगळ्या पाकिटात जपा आणि नाणं विकलं तर ही नोंद त्याच्याबरोबर द्या. यात फार तर तासभर जास्त जाईल. पण हे करणारा माझ्या पाहण्यात विरळा, कारण तासभर थांबलं की जुगाराची झिंग उतरते.

नोंदीचं मोल या बाजाराला कळत नाही असंही नाही. नेवाडातल्या रेनोचा लाव्हेर रेडफिल्ड 1974 मध्ये वारला तेव्हा त्याच्या घरात चार लाखांहून अधिक चांदीचे डॉलर निघाले. 1976 मध्ये तो साठा 73 लाख डॉलरला विकला गेला. त्यातली पुष्कळ नाणी रेडफिल्डचं नाव छापलेल्या डब्यांत घालून विकली गेली, आणि त्या नावामुळे लोक अजूनही जादा पैसे देतात. कुणीतरी कागद सांभाळला म्हणून ते नाव टिकलं. तुमच्या रोलवर ज्या गावच्या बँकेचं नाव होतं ते टोपलीत गेलं, आणि आता तुम्ही शपथेवर सांगता की रंग अस्सल आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर हे बिचारे चोरही नाहीत, नुसते आळशी आहेत.

अमेरिकेतल्या या वेडाशी आपला काय संबंध, असं कुणी मराठी वाचक विचारील. संबंध चांदीइतका घट्ट आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात नोटा देऊन रोकड चांदी मागणाऱ्यांची रीघ लागली आणि सरकारकडची चांदी आटली. तेव्हा अमेरिकेने एप्रिल 1918 मध्ये पिटमन कायदा केला आणि आपले 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली सुमारे 26 कोटी डॉलरची चांदी हिंदुस्थानसाठी इंग्रजांना विकली आणि ती मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत रुपये होऊन बाहेर पडली. ज्या डॉलरच्या निळ्या-जांभळ्या गालासाठी इथे मारामारी चालते, त्याची भावंडं आपल्याकडे पंचम जॉर्जचे राजाछाप कलदार होऊन नांदली.

आणि आपण त्या कलदारांचं काय करतो? देव्हाऱ्यातला रुपया लक्ष्मीपूजनाला चिंच-राखेने लख्ख होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो देवाचा आहे, संग्रहाचा नाही. पण ‘नाणेसंग्राहक’ म्हणून मिरवणारे आपले लोक शंभर वर्षांचा शांत करडा रंग ब्रशने आणि पावडरीने खरवडून काढतात, नाण्यावर केसासारखे हजार ओरखडे पाडतात आणि ‘बघा, कालच टांकसाळीतून आलंय’ म्हणून विकतात. अमेरिकेतला घाई करून काळ चढवतो, आपल्याकडचा घाई करून काळ उतरवतो. दोघांनाही नाणं जसं आहे तसं नको असतं. तरी आपल्याकडच्याला निदान आपण काही उदात्त करतो आहोत असा भ्रम नाही. त्याला फक्त चकाकी हवी असते.

म्हणून घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, कारण विकणारे सांगून सुधारणार नाहीत. रंगीत नाण्यामागे कुणी ‘जुन्या मूळ रोलमधून निघालेलं’ ही गोष्ट लावली, की वेष्टण मागा. फोडण्याआधीचा फोटो मागा. टोकाचं होतं की मधलं, ते विचारा. उत्तर नसेल, तर गोष्टीचा एक सेंटही देऊ नका, नाणं तराजूत घाला आणि चांदीच्या भावाने मागा. विक्रेता चिडेल, तुम्हाला सौंदर्यदृष्टी नाही म्हणेल. म्हणू दे. अशी दहा गिऱ्हाइकं एका प्रदर्शनात त्याच्यापुढून गेली, की अकराव्यासाठी तो कागद जपायला आपोआप शिकेल.