विश्लेषण : ‘ते असे म्हणाले’; पण नेमके काय म्हणाले? अवतरणचिन्हांची जबाबदारी कोणाची?

मोबाइलवर बातमी वाचताना नजर आधी मथळ्यावर जाते आणि लगेच दुहेरी अवतरणचिन्हांतल्या वाक्यावर. त्याच वाक्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, बाकीची बातमी मागे राहते. म्हणून बातमी, लेख, चरित्र किंवा अहवाल लिहिणाऱ्याने एक गोष्ट पक्की धरायला हवी : अवतरणचिन्हे ही वाचकाला दिलेली हमी आहे. आतले शब्द बोलणाऱ्याचेच आहेत, अशी हमी. ती सैल झाली की काय होते, हे काही जुन्या प्रकरणांतून दिसते.

भाषांतरात नेमके काय बदलते?

लोकमान्य टिळकांवर १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांवरून राजद्रोहाचा खटला चालला. लेख मराठीत होते, खटला इंग्रजीत. न्यायालयापुढे लेखांचे इंग्रजी भाषांतर होते. टिळकांनी स्वतःच बचाव केला, भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि मूळ मराठी शब्दांचा अर्थ भाषांतरात बिघडला आहे, असा युक्तिवाद केला. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. शिक्षा झाली सहा वर्षांची आणि टिळकांची रवानगी मंडालेला झाली.

मराठी माध्यमांत हा प्रश्न आजही रोजचा आहे. हिंदी किंवा इंग्रजीत केलेले विधान मराठीत आणून सरळ दुहेरी अवतरणात टाकले जाते. भाषांतर अटळ आहे. पण वक्ता कोणत्या भाषेत बोलला, हे सांगायला चार शब्द पुरतात. वाद एखाद्या शब्दावरूनच असेल तर तो मूळ शब्द तसाच द्यावा. केवळ आशय घेतला असेल तर अवतरणचिन्हे काढून टाकावीत.

थोडी डागडुजी चालते का?

अमेरिकी पत्रकार जॅनेट माल्कम यांनी १९८३ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये मनोविश्लेषक जेफ्री मॅसन यांच्यावर दीर्घ लेख लिहिला. त्यातली काही विधाने आपण केलीच नाहीत, असे म्हणत मॅसन न्यायालयात गेले. वादातली विधाने मुलाखतीच्या टेपवर सापडत नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. शब्द बदलले एवढ्यावरून विधान खोटे ठरत नाही, मात्र बदलामुळे अर्थात मोठा फरक पडला तर ते खोटे ठरू शकते, असे न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. अखेर १९९४ मध्ये ज्युरीने माल्कम यांच्या बाजूने कौल दिला. तोवर दहा वर्षे गेली होती.

कायद्याची ही रेषा लेखकासाठी मात्र फार सैल आहे. ‘अं’, ‘म्हणजे’ गाळणे ठीक. ‘योजना चांगली आहे, पण पैसे नाहीत’ यातला ‘पण’पासूनचा भाग गाळणे ही फसवणूक आहे, मग उरलेला प्रत्येक शब्द खरा का असेना.

सारांशाचे अवतरण कसे होते?

मत पटले नाही तरी ते मांडण्याच्या हक्कासाठी लढेन, या आशयाचे वाक्य व्हॉल्तेअरच्या नावावर खपते. प्रत्यक्षात ते इव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेचे आहे. १९०६ मधल्या पुस्तकात व्हॉल्तेअरची वृत्ती सांगताना त्यांनी ते लिहिले. पण ते अवतरणचिन्हांत होते, आणि पुढे जगाने ते व्हॉल्तेअरचेच मानले.

मग अवतरण कधी द्यावे?

- शब्द हीच बातमी असेल तेव्हा. माफी, आश्वासन, धमकी, इन्कार हे जसेच्या तसे हवेत. धरणात किती टक्के साठा आहे, हे सांगायला अधिकाऱ्याचे वाक्य लागत नाही. ते आपल्या शब्दांत लिहून माहितीचा स्रोत सांगितला की पुरे.
- बोलण्याचा बाज महत्त्वाचा असेल तेव्हा. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्याचे वाक्य प्रमाण मराठीत घोटून काढले की माणूसच हरवतो. पण शेतकऱ्याची बोली जशीच्या तशी आणि मंत्र्याची अडखळती वाक्ये मात्र घासूनपुसून, हा दुजाभाव नको.
- संदर्भासह. कोणत्या प्रश्नाचे हे उत्तर होते, कुठे आणि केव्हा दिले, हे अवतरणाच्या आधी यावे.
- मोजकेच. सलग चार अवतरणे आली की लेखकाने स्वतः काही समजून घेतले का, अशी शंका येते.

डिजिटल पत्रकारितेत तपासायला वेळ नसतो, ही सबब नेहमीची. पण शब्दांची खात्री नसेल तर चिन्हे काढून ‘असा आशय त्यांनी मांडला’ असे लिहायला क्षणभरच लागतो. फिरून फिरून लाखो मोबाइलवर पोहोचलेले चुकीचे वाक्य मागे घेता येत नाही. खुलासा आला तरी तो त्याच लोकांपर्यंत पोहोचेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. आणि न केलेल्या विधानाचा जाब त्या माणसाला देत बसावा लागतो.